सहाशे बारा पाठवले, सहाशे बारा मिळाले

मुकुंद वैशंपायन या गृहस्थांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते धडधडीत चालू असलेल्या एका यंत्राची वायर भिंतीतून उपटत होते.

बटण बंद करून वगैरे नव्हे. डाव्या हाताने भिंतीला रेटा देऊन, उजव्या हाताने, दुखरी दाढ काढावी तशी. यंत्राने एक उसासा टाकला, चार हिरवे दिवे विझले, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वैशंपायन शांतपणे म्हणाले, "गेलं."

मी त्या इमारतीच्या प्रशासनाचा माणूस. कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आमची कंपनी. तिथल्या खुर्च्या, एसी, कँटीन, लिफ्ट आणि वीज या पंचमहाभूतांचा मी अधिपती. रुजू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. आणि माझ्या राज्यात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या विजेवरच्या यंत्राचा असा भरदिवसा खून! मी असा ओरडलो, असा ओरडलो की खाली फुटपाथवरच्या झालमुडीवाल्याच्या हातातून मुरमुऱ्यांचा डबा सुटला. त्याची भरपाई तो अजून मागतो.

"अहो, करताय काय!" मी मराठीतच ओरडलो. घाबरलेला माणूस भाषांतर करत बसत नाही.

"अरे वा, मराठी का?" वायर हातात तशीच. "बरं झालं. त्याचं काय आहे, यंत्र मरताना शेवटचं काय बोललं, ते नंतर वाचता आलं पाहिजे. म्हणून दर बुधवारी एक मारतो."

दर बुधवारी एक मारतो! हे त्यांनी 'दर बुधवारी मूग भिजत घालतो' अशा आवाजात सांगितलं. माझ्या डोक्यावर तेव्हा बऱ्यापैकी केस होते. आज जे काही अकरा-बारा शिल्लक आहेत, त्याचा हिशेब वैशंपायनांकडे मागावा.

आमच्या दोघांची नावं बंगाली लोकांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या मापाची करून घेतली. वैशंपायनचा पुढचा भाग टाकून देऊन त्यांनी 'पाइन' ठेवला, कारण पाइन हे त्यांच्यातलं आडनाव आहे. पटवर्धनचा 'बर्धन' झाला, तेही त्यांच्यातलंच. तेव्हापासून आम्ही पाइनदा आणि बर्धनदा. दुर्गापूजेच्या वर्गणीला दोघांनाही घरचे समजतात.

हा माणूस नेमकं करतो काय, हे समजायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन मिनिटांत समजेल, कारण मी गाळून सांगतोय. बँका, रेल्वे, इस्पितळं यांची मोठी यंत्रं सतत स्वतःची रोजनिशी लिहीत असतात. कोण आलं, कोण गेलं, काय बिघडलं, किती वाजून किती सेकंदांनी. ही रोजनिशी लिहिणारा प्रोग्राम जगभरातल्या लोकांनी मिळून केलेला, सगळ्यांना खुला आणि फुकट. पण बँकेला फुकट गोष्टीची धास्ती वाटते. ती म्हणते, आमच्या यंत्रांवर जी लिनक्स नावाची प्रणाली चालते, तिच्या अमुक आवृत्तीत बसेल असा करून द्या, तपासून द्या, आणि पुढची दहा वर्षं तो हलता कामा नये. मग वैशंपायन ते फुकटचं धान्य निवडतात, पाखडतात, खडे काढतात आणि ज्याच्या त्याच्या डब्यात भरून झाकण लावतात. डबे तरी किती! तीन घराण्यांचे, त्यात प्रत्येकाच्या चार-चार पिढ्या. एका बँकेचा डबा तर इतका जुना की त्याचं झाकण बनवणारे आता नातवंडं खेळवत असतील.

"सांगा ना त्यांना, नवा घ्या म्हणावं!" मी एकदा म्हटलं.

"जुन्या डब्यात जेवणाऱ्याने उपाशी राहायचं का?" वैशंपायन म्हणाले, आणि नव्या प्रोग्राममधली दुरुस्ती उसवून जुन्यात ठिगळ लावायला बसले. असं ठिगळ लावायला त्यांना कधी कधी महिना लागे. लागलेलं दिसू नये, हीच त्यातली कला.

दुसरा धक्का घरी बसला. मी आणि विद्याने, म्हणजे माझ्या बायकोने, वैशंपायनांना जोडीने जेवायला बोलावलं. ते आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे राहत. विद्याने सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या होत्या. कोलकात्यात पुरणपोळी करणं म्हणजे काय, हे ज्याने इथे पुरणयंत्र शोधलंय त्यालाच ठाऊक. दोन पोळ्या झाल्यावर विद्याने विचारलं, "कशी झालीय, भावजी?"

"सहा," वैशंपायन म्हणाले.

विद्याच्या हातातली तुपाची वाटी हवेतच थांबली. दहापैकी सहा! आमच्या लग्नात तिच्या पोळीला तिच्या सासूनेसुद्धा आठ दिले होते.

तेव्हा शालिनीताई, वैशंपायनांची बायको, पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो विद्याताई, ते मार्क नव्हेत! यांच्या रोजनिशीत आठ पायऱ्या असतात. शून्य म्हणजे प्रलय. एक म्हणजे धावा. दोन गंभीर, तीन चूक, चार इशारा, पाच दखल घ्या. सहा म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. यांच्याकडून सहा मिळालं ना, देव पावला समजा. मला लग्नात सात मिळाले होते."

"सात म्हणजे?"

"सात म्हणजे बारीकसारीक," वैशंपायन पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "कुणी कुठे पाऊल टाकलं, काय उचललं, काय ठेवलं. जग सातवी पायरी बंद ठेवतं. जागा फार खाते."

"आणि तुम्ही?"

"मी चालू ठेवतो."

नवराबायकोत बोलायचं काम शालिनीताईंचंच होतं. वैशंपायन आकडे टाकत आणि त्या त्याचं मराठी करत. कँटीनमधला चहा संपला की 'तीन'. पगार झाला की 'पाच'. एकदा आमच्या विभागप्रमुख सान्यालदी दोन मजल्यांच्या मधे लिफ्टमध्ये अडकल्या. सान्यालदी म्हणजे काय, तर त्या बोलायला लागल्या की एसी आपोआप दोन अंश खाली येतो, मी आकडे बघणारा माणूस आहे म्हणून सांगतो. त्या आतून गरजतायत, बाहेर मी जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतोय, आणि वैशंपायन बाजूने जाताना घड्याळ बघून म्हणाले, "चार." एवढंच. आणि जिन्याने निघून गेले.

शून्य हा आकडा मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. यास नावाचं वादळ आलं, आमच्या छतावरची पाण्याची टाकी उडून शेजारच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसली, तेव्हासुद्धा ते 'दोन'वर थांबले होते.

मग चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा फोन आला. मी उचलला.

"पटवर्धन," ते म्हणाले, "शून्य."

शालिनीताईंना तेव्हा ऍडमिट केलेलं होतं. मी आणि विद्या तसेच रिक्षाने इस्पितळात गेलो. शालिनीताईंचं आजारपण तीन आठवड्यांचं. मूल नव्हतं. नाशिकचे दोन नातेवाईक आले, तेराव्याला गेले. चौदाव्या दिवशी बुधवार होता. वैशंपायन कामावर आले आणि त्यांनी एक यंत्र मारलं.

यानंतर त्यांना एक नवं वेड लागलं.

रोजनिशीचा प्रोग्राम तपासायचा म्हणजे त्याला शेकडो निरोप पाठवायचे आणि सगळे, ओळीने, न हरवता लिहिले गेले का ते मोजायचं. बाकीचे लोक 'टेस्ट एक, टेस्ट दोन' असं काहीतरी पाठवून मोकळे होतात. वैशंपायनांनी स्वतःचे निरोप लिहिले. मराठीतून, प्रत्येकाला आपापली पायरी लावून. मी विचारलं तर म्हणाले, "इंग्रजी अक्षराला एक खण लागतो, आपल्याला तीन. जिथे इंग्रजी सुखरूप जातं, तिथे आपलं मधोमध कापलं जातं. कापलं गेलं की कळतं, चूक कुठेय." हे खरंच होतं. त्यांनी अशी एक चूक शोधून मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळवली, आणि त्यांनी ती दुरुस्त केली. आज जगात कुठल्याही देशात कुठल्याही भाषेतलं अक्षर त्या जागी तुटत नाही, ते या सॉल्ट लेकमधल्या वैशंपायनामुळे. हे मी फुगवून सांगत नाहीये. फुगवायचंच असतं तर मी यात एखादं परदेशी सुवर्णपदक घातलं असतं.

रोज सकाळी साडेदहाला ही चाचणी. हनुवटीखाली तळहात, डोळे पडद्यावर. काळ्या पडद्यावरून ओळी सरसर वर सरकायच्या. इतक्या वेगात की वाचणं अशक्य, आणि वाचणार तरी कोण? शेवटी हिरवी ओळ यायची: पाठवले ६१२, मिळाले ६१२. चाचणी पास. ती आली की वैशंपायन चहा घ्यायचे. आधी नाही. एखाद्याने त्या चार मिनिटांत हाक मारली तर ते मान न वळवता एक बोट वर करायचे, आणि सान्यालदीसुद्धा थांबायच्या.

आणि गेल्या हिवाळ्यात एके दिवशी ओळ लाल आली. पाठवले ६१२, मिळाले ६११.

त्या दिवशी चहा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये चौकशी केली, तर तिथले लोक हवालदिल. चहाचा खप निम्म्यावर आला होता म्हणे. सान्यालदींनी त्यांना बोलावून घेतलं. बँकेला माल शुक्रवारी द्यायचा होता.

"पाइनदा, छे शो बारो में सिर्फ एक! एक गया तो क्या हुआ?"

"कौनसा एक?" वैशंपायनांनी विचारलं.

"मतलब?"

"आप बोलते हैं एक गया. मैं पूछता हूँ, कौनसा गया?"

सान्यालदींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत माझ्याच अखत्यारीत येतं.

चौथ्या दिवशी सापडलं. प्रोग्रामची एक वही भरली की तो ती मिटून दुसरी उघडतो. त्या मिटण्या-उघडण्याच्या मधे, डोळ्याची पापणी लवायच्या हजाराव्या भागात, एक निरोप फटीत पडला होता. वैशंपायनांनी फट बुजवली, सहाशे बारा पुन्हा मोजले, आणि लागोपाठ तीन कप चहा प्यायले. पण शुक्रवार हुकला होता. सान्यालदींनी सर्वांसमोर सांगितलं की पुन्हा असं झालं तर ही मराठी चाचणी पुसून टाकायची आणि साधी इंग्रजी ठेवायची. मी वैशंपायनांकडे बघत होतो. एखाद्याला घर रिकामं करायची नोटीस यावी, तसा चेहरा.

मला नवल वाटलं. चाचणी म्हणजे काय जीव की प्राण? पण मी मनावर घेतलं नाही. मी प्रशासनाचा माणूस, मला लिफ्ट होती.

आता मुख्य हादरा. मंडळी, खुर्ची धरून बसा.

महिन्याभराने बँकेचे साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. भट्टाचार्यबाबू त्यांचं नाव. माझ्या एसीला घाबरून गळ्यात मफलर. भल्यामोठ्या सभागृहात भिंतभर पडदा, सान्यालदी पुढे उभ्या, सगळं खातं बसलेलं. साडेदहा वाजायला आले होते. प्रात्यक्षिक अकराला होतं, म्हणून वैशंपायन आपल्या टेबलाशी नेहमीची चाचणी उरकायला बसले. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. एक त्यांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची. दुसरी कंपनीच्या मुख्य यंत्राची, ज्यावर आम्ही सगळे आणि ती भिंतसुद्धा जोडलेली. त्यांनी आज्ञा लिहिली आणि कळ दाबली. चुकीच्या खिडकीत.

तरीही कुणाला काही कळलं नसतं. पण रोजनिशीचा एक जुना नियम आहे. निरोप शून्य पायरीचा असेल, तर तो वहीत लिहून थांबायचं नाही. त्या क्षणी जे जे कोणी यंत्रावर असतील, त्या सगळ्यांच्या पडद्यावर तो दवंडी पिटल्यासारखा उमटवायचा. प्रलय आलाय, लोकांना कळायला नको?

भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत उमटलं:

*अहो! गॅस बंद केलात का?*

सान्यालदी बोलता बोलता थांबल्या. भट्टाचार्यबाबूंनी चष्मा पुसला.

*साबणावर पाय देऊ नका!*

दोनशे पडद्यांवर एकाच वेळी. प्रत्येक निरोपाला टिंग असा आवाज. इमारत देवळासारखी वाजू लागली.

*उठा, चोर आलाय वाटतं!*

आता बघा, गॅस कुणाला कळला नसेल, साबण कळला नसेल. पण चोर हा शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांना कळतो, आणि हिंदीमुळे देवनागरी इथे बऱ्याच जणांना वाचता येते. भट्टाचार्यबाबू मफलरासकट उभे राहिले. "चोर! चोर लिखेछे! सिस्टेमे चोर!" कुणीतरी इंटरनेटची वायर ओढली. कुणीतरी गेटवर फोन केला. पहारेकऱ्यांनी शटर पाडलं आणि त्यात झालमुडीवाला आत अडकला, तो का आत आला होता हे अजून कळलेलं नाही. आणि भिंत सांगत होती:

*आधी दार उघडा!*

मी? माझे त्या दिवशी किती केस गेले ते विचारू नका. कारण गोंधळात मला एकट्यालाच ती मराठी येत होती, आणि वाचून मला काहीच कळत नव्हतं.

वैशंपायन दारात येऊन उभे राहिले. कागदासारखे पांढरे. "माझं आहे," ते म्हणाले. "चूक माझी."

अर्ध्या तासाने बंद खोलीत चौघं. टेबलाच्या पलीकडे सान्यालदी आणि भट्टाचार्यबाबू, अलीकडे वैशंपायन, बाजूला मी, दुभाषा म्हणून. समोर छापून आणलेले सगळे सहाशे बारा निरोप, वीस-बावीस पानं. सान्यालदींचा प्रश्न सरळ होता: हे काय आहे ते कळलं पाहिजे. बँकेच्या यंत्रात जाणाऱ्या मालाबरोबर कुठली सांकेतिक भाषा फिरतेय? समाधान झालं नाही तर ही चाचणी आजच पुसायची आणि पाइनदांना या कामावरून हलवायचं.

वैशंपायन एक बोटसुद्धा वर करेनात.

मी पहिलं पान हातात घेतलं, आणि माझ्यातला जातिवंत थापाड्या जागा झाला. "मॅडम, ये सब टेक्निकल है," मी म्हणालो. "'गॅस बंद केलात का', ये फायर सेफ्टी. 'छत्री घेतलीत का', ये... पाणी-प्रतिबंधक उपाय. 'दूध उतू जातंय, बघता का जरा', ये ओव्हरफ्लो की जाँच है, बहुत इम्पॉर्टंट." भट्टाचार्यबाबू मान डोलावून लिहून घेत होते. मी रंगात आलो. पान उलटलं.

*शेजारच्या काकिमांनी इलिश मासा दिलाय. मला नाही म्हणता आलं नाही. आता तुम्ही खा.*

*अहो, किल्ली तुमच्याच खिशात आहे. डाव्या.*

*अहो, त्या निळ्या शर्टात तुम्ही बरे दिसता.*

हा आवाज माझा नव्हता. हा आवाज मी ओळखत होतो. पुढची ओळ वाचली आणि मी खुर्चीतच उडालो:

*पटवर्धन बोलतात त्यातलं अर्धंच धरत जा. पण माणूस चांगला आहे.*

पुरणपोळीच्या ताटावरून पदर तोंडाला लावून हसणारी ती बाई, सरळ माझ्या डोळ्यांसमोर. चार वर्षांनी. आणि तेही मी थापा मारत असताना!

"बर्धनदा," सान्यालदी म्हणाल्या, "ठीक से बताइए. हर दूसरी लाइन में ये 'अहो', 'अहो'. ये अहो कौन है?"

मी वैशंपायनांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मग मी, आयुष्यात फार थोड्या वेळा करतो ते केलं. खरं सांगितलं.

"मॅडम, हमारे में बीवी पति का नाम नहीं लेती. 'अहो' बोलती है. आपका जो 'ओगो' होता है ना... वही."

भट्टाचार्यबाबूंनी पेन खाली ठेवलं.

"ओगो," सान्यालदी हळूच म्हणाल्या. त्यांनी ती बावीस पानं आपल्याकडे ओढली. "सब?"

"सब."

"आपनार स्त्री, पाइनदा? जो चले गए?"

वैशंपायनांनी मान हलवली. मग टेबलालाच सांगावं तसं म्हणाले, "जितकं आठवलं तितकं लिहिलं. सहाशे बारा आठवले. त्याच्यापुढे आठवत नाही. म्हणून एकही हरवता कामा नये." मी त्याचं हिंदी केलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट हिंदी.

"और वो जो एक खो गया था?" सान्यालदींनी विचारलं. "कौनसा था?"

हा प्रश्न विचारायला त्यांना एक महिना उशीर झाला होता. पण विचारला.

"'जेवायला थांबू का?'" वैशंपायन म्हणाले.

मी भाषांतर केलं. सान्यालदी उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ मेट्रोचे खांब बघत राहिल्या. भट्टाचार्यबाबूंनी मफलरने नाक पुसलं, घसा साफ केला, आणि बँकवाल्याच्या आवाजात म्हणाले, "लेकिन एक बात है. इमर्जेंसी मेसेज दो शो स्क्रीन पे एक सेकंड में पहुँचा कि नहीं? पहुँचा. हमको तो यही देखना था." आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. त्यांच्या डब्याला झाकण लागलं.

सान्यालदींनी लेखी हुकूम काढला: शून्य पायरीचे निरोप यापुढे फक्त प्रयोगशाळेत. चाचणी आहे तशी राहील. कोणीही हात लावू नये.

घरी येऊन मी विद्याला सगळं सांगितलं. तिलाही माझं अर्धंच धरायची सवय आहे, पण या वेळी तिने पूर्ण धरलं. कोथिंबीर निवडायला बसली. मग म्हणाली, "अहो, शालूताई मला एकदा एक म्हणाल्या होत्या. भाजीबाजारात, ऑटोची वाट बघत होतो तेव्हा. ते भावजींना ठाऊक नसणार."

तिने चिठ्ठीवर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती चिठ्ठी वैशंपायनांच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीत असं होतं:

*आमचे हे बाहेर यंत्रांच्या वायरी उपटत हिंडतात. पण दुपारी माझा डोळा लागला असला ना, तर बटणाचा आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद करत नाहीत. थंडीत कुडकुडत बसतात.*

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली, जणू अक्षर कुठे तुटलंय का ते बघत होते.

"जागी होती म्हणजे," ते म्हणाले.

मग कीबोर्ड ओढला आणि एकेक अक्षर जपून उमटवायला लागले. शेवटी थांबले. पायरी घालायची होती.

"सात," स्वतःशीच म्हणाले, आणि घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. हनुवटीखाली तळहात. ओळी सरसर वर गेल्या. चार मिनिटं. आणि शेवटी, देवाशपथ, लाल!

*पाठवले ६१२, मिळाले ६१३. चाचणी नापास.*

'पाठवले'चा आकडा हाताने घालायचा असतो; एक वाढल्यावर तो बदलायचाच राहिला होता. वैशंपायनांचा! एक वेळ सूर्य पश्चिमेला हावड्याच्या बाजूने उगवेल, पण या माणसाची मोजदाद चुकणार नाही, अशी माझी पैज होती. माझे उरलेसुरले अकरा केस ताठ उभे राहिले.

"अहो वैशंपायन! लाल आलंय! दुरुस्त करा ना, एक आकडा तर बदलायचाय!"

त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं.

"राहू दे आजचा दिवस," ते म्हणाले.

आणि ती लाल ओळ समोर तशीच ठेवून त्यांनी चहा मागवला.